पायाशी कोरलेल्या दोन ओळी

मी एक जुना वीरगळ आहे. वीरगळ म्हणजे गावासाठी लढताना पडलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. पासली गावाच्या अलीकडे, एका लहानशा वाडीच्या तोंडाशी मी कित्येक शतकं उभा आहे. मित्रांनो, तुम्ही कधी त्या बाजूला आलात तर मी तुम्हाला लांबूनच दिसेन. चंदेरी आणि लाल रंगात मी असा चकाकतो की डोळे दिपावेत. त्या चकाकीची मला लाज वाटते. का, ते सांगतो.

माझा जन्म समोरच्याच डोंगरात झाला. एका पाथरवटानं मला कड्यातून सोडवलं, आडवं निजवलं आणि दोन महिने छिन्नी चालवली. खालच्या चौकटीत गाई आणि त्यांच्यापुढे तलवार उपसून उभा असलेला गडी. मधल्या चौकटीत त्याला वर घेऊन निघालेल्या अप्सरा. त्याच्या वर महादेवाची पिंड आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. सगळ्यात शेवटी, पायाशी, दोन ओळींचा लेख. पाथरवटाला अक्षरओळख नव्हती. गावातल्या लिहित्या माणसानं कोळशानं रेघा ओढून दिल्या आणि यानं त्या रेघांवरून छिन्नी फिरवली. मला उभं केलं त्या दिवशी त्या वीराची बायको माझ्यापाशी बसून दिवसभर रडली. पण नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही तेव्हाची रीत. ती "धनी, धनी" एवढंच म्हणत राहिली. दगडाला वाचता येत नाही आणि ऐकायला काही मिळालं नाही. म्हणजे ज्याच्यासाठी मी उभा राहिलो, त्याचं नाव मला स्वतःलाच ठाऊक नाही. ते फक्त त्या दोन ओळींना ठाऊक होतं.

पुढं काळ गेला. पायाशी माती चढत गेली आणि ओळी तिच्याखाली गेल्या. गुरांनी मला अंग घासलं, पोरांनी माझ्यावर पाय देऊन चिंचा पाडल्या, कुणी तेल ओतलं, कुणी शेंदूर फासला. मी कधी तक्रार केली नाही. गावातली दोन घरं मात्र मला आपला म्हणत. एक आनंदरावांचं. ते म्हणत, तलवार आहे म्हणजे आमचाच पूर्वज. दुसरं बौद्धवस्तीतल्या बनाबाईंचं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की वेशीची राखण आमच्याकडं होती आणि गुरं सोडवताना पडला तो आमचा माणूस. आनंदराव नारळ फोडत. बनाबाई वर्षातून एकदा ओंजळभर फुलं ठेवून जात. भांडण कधी झालं नाही. आनंदरावांचं गावाला खरं वाटे आणि बनाबाईंच्या बोलण्यावर लोक नुसतं हसत.

मग माझे चांगले दिवस आले. बनाबाईंची नात सुलक्षणा किकवीला दिलेली. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, धनाजीनं, शहरातल्या लोकांसाठी एका दिवसाची सहल सुरू केली. धनाजी जीप चालवी, सुलक्षणा बोले. सकाळी भोरची जुनी पेठ, मग डोंगरातलं देऊळ, कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, भाताची खाचरं, बनाबाईंच्या हातची नाचणीची भाकरी आणि शेवटी मी. माझ्या वाट्याला बारा मिनिटं यायची. पण त्या बारा मिनिटांत सुलक्षणा माझी एकेक चौकट अशी उलगडून सांगायची की मलाच मी नव्यानं दिसायचो. आजवर मला कुणी असं बघितलं नव्हतं. मला त्या पोरीचा लळा लागला.

गेल्या उन्हाळ्यात नळाची पाइपलाइन टाकायला चर खणला आणि माझा पाय उघडा पडला. सुलक्षणाला मातीत बुजलेली अक्षरं दिसली. ती वाकून जवळ बसली. मोबाईलवर फोटो काढला, पण चिकटलेल्या मातीमुळे त्यात धड काही उमटेना, आणि घासताना अक्षर जाईल म्हणून तिनं माती तशीच ठेवली. जुने लेख वाचणाऱ्या शेफाली मॅडम पुण्यात होत्या. त्यांनी कळवलं, "रविवारी येते. नाव नक्की निघेल."

त्या दिवशी बनाबाई काठी टेकत माझ्यापर्यंत आल्या. ऐंशी वर्षांची म्हातारी, पण डोळ्यांत पोरीसारखा आनंद.

"सुले, नाव निघालं म्हंजी लोकं म्हन्तील का गं, की व्हय, ह्यांचा बी मानूस व्हता?"

"म्हनावंच लागंल, आजी. दगडावर लिवलेलं कोन खोडनार?"

हे ऐकून मी सुखावलो. दगडालाही आशा वाटते, मित्रांनो. वाटायला नको होती.

सुलक्षणानं एकच चूक केली. आनंदरावांना फोन करून तिनं सांगितलं की रविवारी पुण्याहून मोठ्या मॅडम वीरगळ बघायला येणार आहेत. एवढंच सांगितलं. हात लावू नका, हे सांगायचं राहिलं. ती याच वाडीत वाढलेली. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं, हे तिला ठाऊक असायला हवं होतं. आपण घर सारवतो, ओटा धुतो, देवळाला रंग देतो. पाहुण्याला जुनं, मळकं दाखवायचं नाही, हा आपला शिष्टाचार.

शनिवारी सकाळी चिमाजी पेंटर आला. बैलांच्या शिंगांपासून देवळाच्या कळसापर्यंत सगळं तोच रंगवतो, आणि मनापासून रंगवतो. माझ्या पायाशी चौथरा बांधायला आनंदरावांनी पदरच्या पैशानं फरश्या आणल्या होत्या. पाय खडबडीत आहे, फरशी नीट बसायची नाही, म्हणून चिमाजीनं त्याच्यावर ग्रायंडर धरला. अक्षरं त्याला अक्षरं वाटलीच नाहीत. टवके उडालेत, असं वाटलं. अर्ध्या तासात माझा पाय तळहातासारखा गुळगुळीत झाला. मी ओरडलो असतो, पण दगडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? मग सिमेंट, मग फरशी, मग वरपासून खालपर्यंत रंग. आनंदराव दोन पावलं मागं सरकून म्हणाले, "आता कसा वाघावानी दिसतोय!" त्यांच्या आवाजात माया होती. मला राग धरायलासुद्धा जागा उरली नाही.

रविवारी जीप थांबली. सुलक्षणा पहिली उतरली आणि जागच्या जागी थिजली. शेफाली मॅडम गुडघ्यांवर बसल्या. आनंदरावांनी स्वतः एक फरशी उचकटून दाखवली. मॅडमनी आतून बराच वेळ हात फिरवला.

"काहीच उरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "कुणालाच आता वाचता येणार नाही."

आनंदरावांचा चेहरा उतरला. त्यांनाही नाव हवंच होतं की! "म्या तर चांगलंच करायला गेलो, ताई," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. बनाबाईंनी पुढं येऊन माझ्या अंगावर हात ठेवला. रंग अजून ओला होता. त्यांचा तळवा चंदेरी झाला. त्यांनी तो पदराला पुसला आणि घरी गेल्या.

उचकटलेली फरशी पुन्हा बसवली. त्या चौथऱ्यावर आनंदरावांनी आपल्या वडिलांचं नाव आधीच घालून ठेवलं होतं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं, म्हणून मला कळलं: "कै. कोंडाजी यांच्या स्मरणार्थ." कोंडाजी मला चांगले आठवतात. त्यांचं किराणा दुकान होतं आणि ते म्हातारपणी अंथरुणात गेले. भला माणूस. तलवार मात्र त्यांनी जन्मात धरली नाही.

सहल अजून येते. आता लोक माझ्याबरोबर जास्त फोटो काढतात, कारण फोटोत मी उठून दिसतो. सुलक्षणा बारा मिनिटांचं चार मिनिटांत उरकते. परवा एक बाई चौथऱ्यावर वाकून वाचू लागल्या आणि आनंदानं म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे या वीराचं नाव कोंडाजी होतं तर!"

सुलक्षणाच्या आधी भाकरीची टोपली घेऊन आलेल्या बनाबाईंनीच उत्तर दिलं.

"व्हय बाई, तसंच समजा. कुनाचं का हुईना, नाव तर हाय."

मित्रांनो, माझ्यासाठी आता काही करू नका. करण्यासारखं काही उरलेलं नाही. पण तुमच्या गावाच्या वेशीवर माझ्यासारखा एखादा मळका, शेवाळलेला दगड असेल, तर तो आहे तसा राहू द्या. त्याला सजवायला निघालेल्यांचा हात धरा, मग ते तुमचे वडीलधारे का असेनात. तुम्ही वेळेवर पोचाल, असं मला फारसं वाटत नाही. तरीही सांगून ठेवतो. ऊन-पावसानं आणि गुरांनी इतक्या शतकांत माझं जे बिघडवलं नाही, ते माझ्या गावानं अर्ध्या तासात बिघडवलं, आणि तेही मी छान दिसावं म्हणून.