साडेआठशेच्या कागदाखाली

मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. एवढे वाचून तुमच्यापैकी निम्म्यांनी 'म्हणजे काय?' असे विचारलेच असेल. विचारा, मला त्याची सवय आहे. कॉम्प्युटरच्या पोटात पत्र्याचा एक चौकोनी डबा असतो. त्याच्या एका अंगाला पंख्याची जाळी असते आणि दुसऱ्या अंगाने वायरींचा झुबका बाहेर लोंबतो, तोच मी. भिंतीतली वीज तशीच्या तशी आत सोडली तर कॉम्प्युटरचे नाजूक भाग क्षणात जळून जातील. म्हणून ती आधी माझ्याकडे येते आणि ज्याला जेवढी सोसेल तेवढीच मी वाढतो. पंगतीत जेवणाऱ्यांची नावे सगळ्यांच्या लक्षात राहतात, वाढप्याचे नाव कुणी विचारत नाही. माझेही तसेच आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईने मला दहा मिनिटे वीज देऊन पाहिली, मान डोलावली आणि माझ्या कुशीवर एक पांढरा कागद चिकटवला. त्यावर माझी ताकद छापलेली होती : साडेचारशे वॅट. फार नाही, कमीही नाही. मित्रांनो, तो कागद मला आवडायचा. आपल्याला किती झेपते हे अंगावरच लिहिलेले असले की कुणी भलते काही मागत नाही, असे मला तेव्हा वाटत असे.

बोटीतून मी दुबईला आलो आणि करामा भागातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये नोकरीला लागलो. टायपिंग सेंटर म्हणजे लोकांचे व्हिसाचे आणि इतर सरकारी कामांचे अर्ज टाइप करून देणारे छोटे दुकान. तिथल्या कॉम्प्युटरात मला चार स्क्रूंनी आवळून बसवले. त्या कॉम्प्युटरवर कुलसुम नावाच्या हैदराबादच्या बाई काम करत. रोज सकाळी बटण दाबताना त्या म्हणत, "यल्ला बेटा, उठ जा." यल्ला म्हणजे अरबीत 'चल'. दर गुरुवारी रंगाच्या ब्रशने माझी जाळी साफ करत, कारण इथली बारीक वाळू बंद दारातूनही आत येते. सहा वर्षे मी एकदाही बंद पडलो नाही. एकदा शेजारच्या दुकानदाराने नवा कॉम्प्युटर घ्यायचा सल्ला दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मेरा डब्बा कभी रुका नहीं. क्यों बदलूँ?" स्क्रू तेव्हाही चारच होते आणि पेटीही बंदच होती. पण आपण कोंडलेले आहोत असे मला तिथे कधी वाटले नाही.

मग लोक आपले अर्ज मोबाइलवरून भरू लागले. सेंटर बंद झाले. कुलसुमबाईंनी जाताना कॉम्प्युटरवरून एकदा फडके फिरवले, आणि पुढच्याच आठवड्यात मी एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे पोचलो. त्याने मला काळा रंग मारला. इथवर ठीक होते, म्हातारपणी कुणी केस रंगवले तर आपण नावे ठेवत नाही. पण नंतर त्याने लाल-सोनेरी रंगाचा एक चकचकीत कागद काढला आणि माझ्या खऱ्या कागदावर चापून चिकटवला. त्यावर लिहिले होते : आठशे पन्नास.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या दिवशी बोंब ठोकली असती. पत्र्याचा डबा ही तशी कोठडीच असते, पण तिची मला सवय होती. ह्या कागदाखाली मात्र मी खरोखर कैद झालो. आता माझ्याकडे कुणीही साडेआठशे मागणार होते आणि 'नाही' म्हणायची मला सोय नव्हती. न झेपणारी वीज वाढत राहिलो तर मी तापणार, जळणार आणि ज्या घरात असेन त्या घरालाही घेऊन जाणार, ही एकच भीती तेव्हापासून माझ्या मनात बसली.

मला विकत घेतले सदानंद यांनी. ते मूळचे चिपळूणचे, एका मालवाहतूक कंपनीत हिशेबनीस, बायको शोभना आणि मुलगी शुभ्रा यांच्याबरोबर करामातच राहणारे. शुभ्राला दहावीत चांगले गुण मिळाल्यावर गेमिंग कॉम्प्युटर द्यायचे कबूल केले होते. तिने दोन महिने अभ्यास करून सगळ्या भागांची यादी केली होती आणि त्यात साडेसातशे वॅटचा एक नवा, भरवशाचा पॉवर सप्लाय लिहिला होता. सदानंदांनी यादीतले सगळे हौसेने आणले. फक्त पॉवर सप्लायपाशी त्यांचा हात आखडला. जो भाग कुणाला दिसतच नाही त्याला एवढे कशाला, असे त्यांना वाटले.

"शुभ्रा, बघ काय मिळालं!" मला टेबलावर ठेवत ते म्हणाले. "तुझ्या लिस्टमध्ये साडेसातशे होता ना? हा साडेआठशे आहे. नव्वद दिरहम, म्हणजे आपले बावीसशे रुपये फक्त!"

"बट बाबा, आय हॅव नेव्हर हर्ड ऑफ धिस ब्रँड."

"अगं, दुबईत माल ओरिजिनलच असतो. डुप्लिकेट तिकडे मिळतो, इथे नाही."

ही सदानंदांची श्रद्धा होती. चिपळूणला भावाकडे जाताना ते दरवर्षी बॅगा भरून वस्तू नेत आणि प्रत्येक वस्तूबरोबर हेच वाक्य देत. तिकडचे सगळे ते खरे मानत, आणि इतक्या वर्षांत स्वतः सदानंदही खरे मानू लागले होते.

एका शनिवारी सकाळी बापलेकीने मिळून कॉम्प्युटर जोडला. तो सुंदर होता, हे मीही कबूल करतो. एका बाजूला काच, आत निळेजांभळे दिवे, मधोमध गेमची चित्रे रंगवणारे विटेएवढे ग्राफिक्स कार्ड. मला मात्र सगळ्यांत खाली बसवून वर पत्र्याचे झाकण लावले. बाकीच्यांना खिडकी आणि मला तळघर! वायरी पट्ट्यांनी करकचून बांधल्या. ग्राफिक्स कार्डाला माझ्याकडून विजेचे दोन फाटे हवे होते आणि माझ्याकडे एकच होता. तिथेच कुणाच्या तरी लक्षात यायला हवे होते. सदानंदांनी एकाचे दोन करणारी एक जोडवायर लावली आणि म्हणाले, "खलास! झालं काम."

अभ्यास, गाणी, व्हिडिओ, इथपर्यंत माझे बरे चालले. पण शुभ्राने गेम सुरू केला की ते ग्राफिक्स कार्ड उपाशी पाहुण्यासारखे मागत सुटे. तीनशे द्या, साडेतीनशे द्या, मधूनच एकदम त्याहून जास्त. प्रोसेसरची मागणी निराळी. मी पंखा गरगर फिरवायचो, अंग भाजून निघायचे. वर झाकण, मागे भिंत, बाजूला टेबलाचा पाय, गरम हवेला जायला वाट नाही. सुदैवाने माझ्यात एक चिमुकला पहारेकरी आहे. आवाक्याबाहेर मागणी गेली की तो सगळे एका झटक्यात बंद करतो. ही माझी एकच भाषा होती. वीस मिनिटे झाली की मी बंद पडायचो. ते माझे 'नाही' होते आणि ते कुणालाच कळले नाही.

शुभ्राच्या शाळेची गेमिंगची टीम निवडायची होती. त्यासाठीचा सामना दुपारी चार वाजता आपापल्या घरून खेळायचा होता. तिची मैत्रीण अलिशा हेडफोनमधून ओरडत होती, शुभ्रा पुढे होती, आणि मी दम धरून होतो. मित्रांनो, त्या दिवशी मी जळायचीही तयारी केली होती. पण पहारेकरी माझे ऐकत नाही. साडेचारच्या आसपास कॉम्प्युटरातले दिवे गेले, पडदा काळा झाला. पुन्हा सुरू करून होईपर्यंत टीम ठरून गेली होती.

सदानंद खोलीत आले. "आता काय केलंस?"

"आय डिडन्ट डू एनीथिंग! इट जस्ट शट डाऊन!"

"एवढा नवा कॉम्प्युटर आपोआप कसा बंद पडेल? तूच काहीतरी डाउनलोड केलं असशील. खोटं बोलू नकोस, शुभ्रा."

"आय ॲम नॉट लाइंग, बाबा."

"तिच्या लिस्टमधलं सगळं आणलं होतं ना तुम्ही?" शोभनाताई दारातून म्हणाल्या. सदानंद त्यांच्याकडे न बघता बाहेर गेले. शुभ्रा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली. खोटे मी बोलत होतो आणि ठपका तिच्यावर आला होता. एवढी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती. झाकणाखाली अंधारात मी हळूहळू निवत राहिलो आणि तिचे मुसमुसणे ऐकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी महादू जेवायला यायचे. ते सदानंदांच्याच गावचे, एका कंत्राटदाराकडे वीजतंत्री, मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पमध्ये एका खोलीत सहाजणांबरोबर राहणारे. शोभनाताई त्यांच्यासाठी सुरमई करत. ताटे घेईपर्यंत त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि शुभ्राला विचारले, "बाळा, खेळायला लागलीस की मगच बंद पडतो ना? गाणी लावलीस तर पडत नाही?"

"फक्त गेम लावला की," शुभ्रा म्हणाली.

"मग भाऊ, हे लोडचं काम आहे. पोरीचं नाही."

"अरे, साडेआठशेचा सप्लाय टाकलाय," सदानंद म्हणाले.

महादूंनी आधी प्लग काढला, मग झाकण, मग माझे चार स्क्रू. त्यांनी मला तळहातावर घेतले आणि दोनदा वरखाली केले. कितीतरी महिन्यांनी मला कुणीतरी हातात घेतले होते. "ट्रान्सफॉर्मर म्हणा, चोक म्हणा, ताकद असली की हाताला वजन लागतं. हा हलका लागतोय, भाऊ." मग त्यांनी मला उजेडात धरले आणि लाल कागदाच्या कोपऱ्यात नख घातले. कागद अर्धा सुटला. "ह्याच्या खाली अजून एक कागद आहे. चारशे पन्नास."

शुभ्राने बाबांकडे पाहिले. सदानंद चष्मा पुसत राहिले, आणि मग म्हणाले, "चला, मासे गार होतायत." माफी मागणे त्यांना जमले नाही. पण सोमवारी कामावरून येताना त्यांनी शुभ्राच्या यादीतला नवा पॉवर सप्लाय आणला. तो जाडजूड, वजनदार गडी माझ्या जागेवर बसला आणि त्यानंतर कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मला त्याचा हेवा वाटला नाही, असे म्हणालो तर ते दुसरे खोटे होईल.

मी कपाटात, इस्त्रीच्या मागे पडून राहिलो. जुलैत चिपळूणला जायची तयारी सुरू झाली. हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्या, वजनकाटा आला, खजूर, बाम, दुधाची पावडर, टॉवेल यांचे ढीग लागले. सदानंदांचा पुतण्या विघ्नेश तेरा वर्षांचा. त्यालाही कॉम्प्युटर जोडायचा होता आणि त्याने काकांना फोन करून सांगितले होते, "काका, पॉवर सप्लाय दुबईचाच आणा." सदानंदांनी मला कपाटातून काढले. अर्धा सुटलेला लाल कागद त्यांनी सरळ केला, डिंकाची नळी आणली आणि तो पुन्हा माझ्या अंगावर अंगठ्याने दाबू लागले.

ते वाईट माणूस नाहीत. दुबईच्या काकांकडून दरवर्षी सगळे काहीतरी मागतात, आणि रिकाम्या हाताने जायची त्यांना भीती वाटते. त्यांच्याही अंगावर कुणीतरी मोठा आकडा चिकटवलेलाच आहे. हे मला समजत होते, तरी मी आतून थिजून गेलो. पुन्हा तोच अंधार, पुन्हा तीच मागणी, आणि ह्या वेळी समुद्रापलीकडचे घर.

"बाबा," शुभ्रा दारात उभी होती. एरवी बाबांशी इंग्रजीत बोलणारी ती मुलगी त्या दिवशी अडखळत मराठीत बोलली. "हा तिकडे पण बंद पडेल. विघ्नेश म्हणेल, मी काही नाही केलं. आणि त्याचे बाबा त्याला म्हणतील, खोटं बोलू नकोस."

सदानंदांचा अंगठा माझ्या अंगावर तसाच थांबला. डिंक ओला होता. मग त्यांनी लाल कागद एका टोकाने धरला आणि सबंध उपटून काढला. थोडा रंगही गेला, पण मला मुळीच दुखले नाही.

"मार्कर दे गं," ते म्हणाले. तिने दिला तेव्हा त्यांनी तिचा हात क्षणभर धरून ठेवला. "तू खरं सांगत होतीस. मीच ऐकलं नाही."

माझ्या जुन्या कागदावरचा आकडा पुसट झाला होता. त्यांनी तो ठळक गिरवला आणि खाली लिहिले : 'जुना आहे. फक्त अभ्यासाच्या कॉम्प्युटरला लाव. ग्राफिक्स कार्ड जोडू नकोस. – काका.'

आता मी टॉवेलात गुंडाळलेला, एका बाजूला खजूर आणि दुसऱ्या बाजूला बामच्या बाटल्या, असा बॅगेत आहे. चेन लागली आहे, कुलूप लागले आहे, वर पट्टाही आवळला आहे. इतका काळोख मी पत्र्याच्या डब्यातही पाहिलेला नाही. मित्रांनो, तुमच्या घरी कॉम्प्युटर असेल तर त्याची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने साफ करा आणि मागे हवेला जागा ठेवा. कुणी बंद पडले, तर ओरडण्याआधी त्याला एकदा हातात घेऊन बघा.

आणि विघ्नेश, तू बॅग उघडशील तेव्हा कदाचित हिरमुसशील, कारण मी चकचकीत नाही. पण माझ्याकडे साडेचारशे माग. तेवढे मी तुला पुरेपूर देईन.