गोदामात न वाजलेली घंटी

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. किती जुना, तर माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, माझी बॅटरी दुपारीच धापा टाकू लागते आणि कुणी एखादं ॲप उघडायला सांगितलं, तर मी आधी थोडा विचार करतो. लोक याला मंदपणा म्हणतात. म्हणोत बापडे!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात, हजारो भावंडांबरोबर झाला. तिथून खोक्यात बसून मी सुरतेला आलो आणि प्रफुल्लने मला आपल्या पहिल्या पगारातून विकत घेतलं. काय लाड होते माझे! सोनेरी कव्हर काय, दिवसातून दहा वेळा काच पुसणं काय! पण हे कौतुक जेमतेम अडीच वर्षं टिकलं. त्याच्या खिशात तीन कॅमेऱ्यांचा नवा मोबाइल आला आणि माझी रवानगी त्याच्या ऑफिसातल्या खणात झाली. तिथे मला सोबत होती ती सुकलेल्या पेनांची. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, हे कबूल करतो.

हे ऑफिस सुरतेजवळ कामरेजला, टायरच्या दुकानाच्या वर आहे. मालक योगेंद्रभाई, ॲप लिहिणारा प्रफुल्ल आणि आणखी दोघे. ही मंडळी दर पंधरवड्याला काहीतरी पूर्ण करून दाखवतात. भिंतीवर एक फळा आहे. करायचं, चालू, तपासायचं आणि झालं, असे त्याचे चार भाग आहेत. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी असते आणि ती एका भागातून पुढच्या भागात सरकत जाते. गेल्या वर्षी नूतन नावाची मुलगी तिथे टेस्टर म्हणून आली. दुसऱ्यांनी केलेलं काम वापरून बघायचं आणि त्यात चूक शोधायची, ही तिची नोकरी. आपला तो बाब्या म्हणणाऱ्या प्रफुल्लच्या तिने पहिल्याच महिन्यात नाकी नऊ आणले. तिनेच मला खणातून बाहेर काढलं. "आमच्या लिंबायतच्या वस्तीत असेच मोबाइल असतात दादा. यावर चाललं तर सगळीकडे चालेल," ती म्हणाली. त्या दिवसापासून मी पुन्हा कामाला लागलो.

मग भेस्तानच्या एका साड्या रंगवणाऱ्या मिलचं काम आलं. तिथे रसायनांची पिंपं असतात. कधी वायू गळला, तर मिलचा भोंगा वाजतो, पण मागच्या गोदामात तो यंत्रांच्या आवाजात ऐकूच येत नाही. त्या गोदामात चाळीस बायका साड्यांच्या घड्या घालतात. त्यांच्या मोबाइलवर ताबडतोब घंटी वाजावी आणि त्यांनी बाहेर पळावं, असं ॲप हवं होतं. त्या चाळीस जणींत कलाबाई होत्या. कलाबाई म्हणजे नूतनची आई.

नूतनने घंटी चार मोबाइलवर तपासली. माझ्यावर तर वीस वेळा. मी वीसही वेळा खणखणीत वाजलो. मंगळवारी तिने चिठ्ठीवर सही केली आणि ती 'झालं'मध्ये लावली. सोमवारी ॲप मिलमध्ये सुरू होणार होतं.

घरी मात्र कलाबाईंनी आपल्या अहिराणीत हट्ट धरला, "तुन्हं काम माले दाखाड ना वं." लेकीलाही हौस. तिने बुधवारी आईचं सिमकार्ड माझ्यात घातलं आणि मला आईबरोबर मिलमध्ये पाठवलं. सकाळी अकराला प्रफुल्ल ऑफिसातून घंटी सोडणार होता.

मी कलाबाईंच्या कमरेच्या पिशवीत तयारीत बसलो होतो. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, मग जेवणाची सुट्टीही झाली. माझ्याकडे काहीच आलं नाही. मित्रांनो, आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी घरी पोचताच कलाबाई म्हणाल्या, "तुन्ही घंटी काही वाजनी नही वं."

"ऑफिसात तर सगळे मोबाइल वाजले!" नूतनने मला हातात घेतलं आणि तिचा चेहरा पडला. "माय, याचं नेट कोणी बंद केलं?"

"मीच करं. सकाळले अमळनेरले बहीणले निरोप धाडा आनि बंद करी टाकं. नेट कसाले चालू ठेवो? दुपारलेच संपी जास. आम्हन्या बठ्ठ्या बाया असंच करतस."

आई काम झालं की नेट बंद करते, हे नूतन कित्येक वर्षं बघत आली होती. पण ऑफिसात वायफाय दिवसभर फुकट, तिथे नेट बंद करण्याचं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तिच्याही नव्हतं. आणि चिठ्ठीवर सही तिची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे फळ्यासमोर उभे असताना तिने सर्वांदेखत ती चिठ्ठी 'झालं'मधून काढली. "माझी चूक झाली," ती म्हणाली. "मी आपल्या ऑफिसात तपासलं, त्यांच्या गोदामात नाही."

प्रफुल्ल वैतागला. "अरे यार, ॲप तर बराबर चालतंय! लोकांना सांग ना, नेट चालू ठेवा."

"सांगेन दादा. पण एकीने बंद केलं आणि त्याच दिवशी वायू गळला तर? माझी माय आहे तिथे."

प्रफुल्लने तिच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि मागे 'चालू'मध्ये लावली. योगेंद्रभाईंनी डोकं खाजवलं. "सोमवारचं राहू दे. मिलवाल्यांशी मी बोलून घेतो. पण पुढच्या गुरुवारी पक्कं जोइए, पाहिजेच हं!"

त्या आठ दिवसांत प्रफुल्लने खरंच जीव ओतून काम केलं. घंटी पोचल्याचा निरोप मोबाइलकडून आला नाही, तर संगणक दहा सेकंदांत त्या नंबरवर साधा फोन लावेल, अशी सोय त्याने केली. साध्या फोनला नेट लागत नाही. फोनवर ऐकू येणारा आवाज नूतनचा ठेवला.

गुरुवारी सगळ्या चाळीस जणींना घेऊन चाचणी झाली. मी पुन्हा त्याच पिशवीत होतो. नेट बंद होतं. अकरा वाजले आणि माझं अंग थरथरलं. मी वाजलो! पाठोपाठ सगळ्या गोदामात घंट्या सुरू झाल्या. कलाबाईंनी मला कानाला लावलं आणि माझ्यातून त्यांच्या लेकीचा आवाज आला, "बाहेर निंघा. साड्या तठेच राहू द्या. बाहेर निंघा."

चाळीस जणी पदर सावरत, हसत, एकमेकींना ढकलत फाटकाबाहेर उन्हात आल्या. माझा जीव भांड्यात पडला.

कलाबाईंनी लेकीला फोन लावला. पलीकडून नुसते हुंदके ऐकू येत होते.

"रडू नको वं," कलाबाई म्हणाल्या. "आम्ही बठ्ठ्या बाहेर शेतस."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्यांना जरूर जपा, मला ते आवडेलच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. कुठलंही काम 'झालं' म्हणण्याआधी ते ज्याच्यासाठी केलंत, त्याच्या हातात एकदा देऊन बघा. आणि ते तिथे अडलं, तर त्या माणसाला बोल लावू नका. चिठ्ठी मागे घ्या.