अर्ध्या दाढीतली बैठक

शाळा समितीच्या बैठकीला पालक फिरकतच नाहीत, म्हणून मोठ्या बाई पुरत्या वैतागल्या होत्या. चार नोटिसा काढल्या, तरी खुर्च्या रिकाम्याच.

"बाई, रविवारी माझ्या दुकानात या," पालकांतर्फे समितीवर निवडून आलेला सलूनवाला म्हणाला. "सगळे बाप तिथंच सापडतात. आणि एकदा गळ्याला कापड बांधलं की कुणी पळत नाही!"

रविवारी बाई वही घेऊन आल्या खऱ्या, पण त्यांना बघताच दुकानातल्या गप्पा चिडीचूप. मोठमोठे बाप आरशातून पोरांसारखे चोरून बघू लागले. बाईंनी विषय वाचले: नळ, कुंपण, वाचनालय. कुणी तोंड उघडेल तर शपथ! आता उठावं, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात खुर्चीतला गवंडी, तोंडाला अर्धा फेस तसाच, आरशातूनच म्हणाला, "बाई, माझी धाकटी तिसरीत आहे. वर्गात बोलते का हो?"

वस्तरा थांबला.

"नाही," बाई हळूच म्हणाल्या. "वर्षभरात एक अक्षर नाही."

"घरी तर तोंडाला कुलूप नसतं. मोठ्या बाई होते आणि उशांना शिकवते. तुमच्यासारखा चष्मासुद्धा कपाळावर चढवते."

बाईंचा हात आपोआप कपाळाकडे गेला. चष्मा तिथंच होता. दुकानभर हसू फुटलं. बाईंनी चष्मा सावकाश डोळ्यांवर ओढला, विषयांची वही मिटली आणि बाक गवंड्याच्या खुर्चीजवळ सरकवला.

"आणखी काय काय म्हणते ती?" त्यांनी विचारलं.