पान बेचाळीसवरची अळंबी

"हळू गं बये, हळू. पायाखाली कुणीतरी निजलंय." मी सहा वर्षांची असताना रानात ऐकलेला आत्याचा हा आवाज. अजूनही ओल्या पानांवर पाऊल ठेवलं की कानाशी येतो.

आता आत्याचे गुडघे रुसलेत. रानात मी एकटीच जाते, पालथी पडते, अळंबीच्या टोपीखाली हातआरसा सरकवून फोटो काढते. घरी आत्या संगणकाच्या पडद्याला नाक लावून एकेकीची ओळख पटवते. पंधरा वर्षं हेच चाललंय. त्याचं पुस्तक उद्या छपाईला जायचं होतं.

आणि पान बेचाळीस चुकलं होतं. हे फक्त मला ठाऊक.

त्या पानावरची अळंबी दुधासारखी गोरी. देठाचं बूड चिखलात बरबटलेलं, म्हणून फोटोसाठी मी भोवती शेवाळ खोचलं, बाळाला दुपटं गुंडाळावं तसं. फोटो पाहून आत्याने लिहिलं, 'खाण्याजोगी'. परवा त्याच झाडाखाली तशाच चार उगवल्या होत्या. एक उकरून पाहिली, तर बुडाशी फाटक्या पिशवीसारखं पांढरं आवरण. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या विषारी जातीची ती खूण.

दोन दिवस मी गप्प होते. पुस्तक थांबेल, ते एक झालं. पण माझ्या डोळ्यांनी रान पाहणारी आत्या यापुढे त्या डोळ्यांवर विसंबेल का?

आत्या जेवणाच्या टेबलावर शेवटची पानं तपासत होती.

"तोंड का असं? सासरी पुस्तक चाललंय, तू नाहीस!"

"काही नाही गं."

"काही नाही म्हणणाऱ्यांचंच काहीतरी असतं." तिने पान उलटलं. बेचाळीस. "हा बघ तुझा सगळ्यांत देखणा फोटो! शेजारच्या वहिनी म्हणाल्यात, पहिली प्रत आमची. टोपली घेऊन थेट रानात निघणार आहेत."

"त्यांना म्हणावं, बाजारातून भाजी आणा."

"अगं, का?"

तिने पेन उचललं, सहीसाठी. मी तिचा हात धरला.

"आत्या, यावर सही करू नकोस. ही विषारी आहे. हिच्या बुडाशी पिशवी असणार, आणि फोटो छान यावा म्हणून मी तिच्यावर शेवाळ लावलं. तू चुकली नाहीस गं. मीच तुला दिसू दिलं नाही."