एक नंबरचा बिल्ला

मी एक जुनी फळी आहे. आता तुम्ही म्हणाल, फळीला कसलं आलंय आयुष्य! भिंतीवर टांगली की टांगली. पण मित्रांनो, जरा दम धरा. माझ्या अंगावर साठ पितळी आकडे आहेत आणि त्या आकड्यांवर माणसांचे जीव टांगलेले असतात. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. मला फुशारकी येत नाही. खरं तर मला आता फारसं काहीच वाटत नाही.

समुद्राच्या तळाशी पोहायला येणाऱ्यांचं एक छोटं रिसॉर्ट आहे. सात खोल्या, एक स्वयंपाकघर, हवेच्या टाक्या भरायची एक शेड. तिथे ओले सूट धुवायच्या नळाच्या आणि थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या मधल्या भिंतीवर मी राहते. माझं काम एकच. कोण पाण्यात आहे आणि कोण किनाऱ्यावर, ते सांगायचं. वीस वर्षांत माझं चुकीचं सांगणं एकदाच कुणाच्या जिवावर बेतलं. आणि गेल्या महिन्यात, मला भिंतीवर ठेवायचं की बंबात घालायचं, हे ठरणार होतं.

भिंतीवर येण्याआधी मी एका होडीतली बसायची फळी होते. होडी मोडीत निघाली तेव्हा मास्तरांनी मला उचलून आणलं. मास्तर म्हणजे या रिसॉर्टचे मालक आणि डायव्हिंग शिकवणारे. सुतार म्हणाला, "मास्तर, ही कुजकी फळी कशाला? नवी देतो की." मास्तर म्हणाले, "हिने वीस वर्षं माणसं बुडू दिली नाहीत. हिचा अनुभव दांडगा आहे." सुताराने मला रंधा मारला. दुखलं असणार. मग मास्तरांनी स्वतः ब्रश घेऊन माझ्यावर अक्षरं काढली. उजव्या बाजूला ऐसपैस 'पाण्यात'. डावीकडे 'किनाऱ्या' एवढं लिहीपर्यंत जागा संपली, म्हणून 'वर' हे चिंचोळं होऊन कोपऱ्यात अंग चोरून बसलं. मास्तरांच्या बायकोला सगळे ताई म्हणायचे. ताई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "शिकवणाऱ्याचं अक्षर असं, तर शिकणाऱ्यांचं काय होणार?"

दोन्ही बाजूंना तीस तीस आकडे. बिल्ले तीस, पितळेचे, नंबर ठोकलेले. एक नंबर मास्तरांचा, दोन ताईंचा, बाकी पाहुण्यांचे. पाण्यात जाताना आपला बिल्ला उजवीकडे टांगायचा, बाहेर आल्यावर डावीकडे. इतकं सोपं. दुसरीतल्या मुलालाही जमेल. पण मोठ्यांना जमायचं नाही, मित्रांनो! कुणी बिल्ला खिशात घालून जेवायला जायचं, कुणी चावीच्या जुडग्यात अडकवायचं. एका काकांनी तर तो गळ्यात घालून फोटो काढला होता.

म्हणून रोज सकाळी मास्तर नव्या पाहुण्यांना माझ्यासमोर उभं करून नियम सांगायचे. मला ते अजून पाठ आहेत. बोटीने जाता तेव्हा बोटवाला तुम्हाला मोजतो. इथे तुम्ही हवं तेव्हा पायऱ्यांवरून उतरणार, म्हणजे मोजणारं कुणी नाही. म्हणून एकट्याने उतरायचं नाही, जोडीदार हवाच. पहिल्या दिवशी आमच्यापैकी कुणाबरोबर तरी उतरायचं, मग तुमचे तुम्ही मोकळे. पायऱ्यांपासून पिवळ्या तरंगत्या पिंपापर्यंत दोरी बांधली आहे, पिंपाच्या पलीकडे जायचं नाही. टाकीतली हवा निम्मी झाली की तोंड किनाऱ्याकडे. लाल निशाण दिसलं तर पायसुद्धा ओला करायचा नाही. आणि उजवीकडच्या बिल्ल्याला पाऊण तास झाला की ताई घंटा वाजवणार आणि आम्ही शोधायला निघणार.

शेवटचा नियम सांगताना मास्तर आवाज खाली आणायचे. "आपला बिल्ला आपल्याच हाताने. नवऱ्याचा बायकोने नाही, मैत्रिणीचा मैत्रिणीने नाही. कुणाचंही भलं करायला जाऊ नका."

ते चांगले दिवस होते, असं म्हणायला हवं. दुपारी नळाखाली सूट धुताना लोक मासे किती मोठे होते ते हातांनी दाखवायचे, आणि संध्याकाळपर्यंत तोच मासा हातभर वाढलेला असायचा. "ही फळी आहे म्हणून मला घरी झोप लागते," असं एका पाहुण्याच्या आईने लिहून पाठवलं होतं. ताईंनी तो कागद माझ्या शेजारी चिकटवला. पुढे खाऱ्या हवेने तो गळून पडला.

आता जे सांगणार आहे ते सरळ सांगते.

सगळ्यांना नियम शिकवणारे मास्तर स्वतः मात्र पक्के विसरभोळे. पाण्यातून आले की थेट स्वयंपाकघरात. बिल्ला तसाच उजवीकडे. ताई येता-जाता बघायच्या, रेलिंगवर त्यांचा निळा सूट वाळत असला की म्हणायच्या, "मास्तर, फळीच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही अजून पाण्यात आहात. मग हे ताटावर कोण बसलंय?" मास्तर तोंडात घास घेऊन म्हणायचे, "तू आहेस ना." आणि ताई एका बोटाने एक नंबरचा बिल्ला उचलून डावीकडे टाकायच्या. टिक्. रोजचंच झालं होतं ते. नियम पाहुण्यांसाठी होता. घरच्यांना कसला नियम?

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मास्तर एका पाहुण्याला घेऊन उतरले. निळ्या सुटाची चेन आदल्या दिवशी तुटली होती, म्हणून त्यांनी जुना काळा सूट घातला. निळा रेलिंगवरच राहिला. अर्ध्या तासाने दोघं वर आले. पाहुण्याने आपला बिल्ला हलवला आणि म्हणाला, "अरे, माझा कॅमेरा पिंपापाशी राहिला." मास्तर म्हणाले, "तुम्ही अंघोळ करा. टाकीत हवा आहे अजून, पाच मिनिटांचं काम." ते वळले आणि एकटेच परत उतरले. त्यांचा बिल्ला उजवीकडेच होता, आणि या खेपेला तो बरोबर होता.

ताई टाक्या भरायच्या शेडमधून आल्या. हातात फोन होता, कुणाला तरी खोलीचं सांगत होत्या. नळाशी पाहुणा सूट धूत होता. रेलिंगवर निळा सूट होता. ताईंनी फोनवर बोलता बोलता एक बोट पुढे केलं.

टिक्.

पिंपाच्या दोरीला कुठूनशी वाहत आलेली जुनी जाळी अडकली होती. मास्तरांचा पाय तिच्यात गुंतला. बिल्ला जागेवर असता तर पंधरा मिनिटांनी घंटा झाली असती. त्यांच्या टाकीत तेव्हा पंधरा मिनिटांपेक्षा जास्त हवा होती. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा माझ्या उजव्या बाजूला एकही बिल्ला नव्हता, म्हणून घंटा झाली नाही. जेवणाच्या वेळी आचारीकाकांनी मास्तरांचं ताट वाढलं. ते निवलं. मग ताईंनी हाक मारली. मग पुन्हा मारली.

मला काय वाटलं? मी लाकूड आहे. लाकडाला रंधा मारताना वाटायचं ते वाटून झालेलं असतं.

त्यानंतर ताईंनी पायऱ्यांना साखळी लावली. किनाऱ्यावरून उतरणं बंद. त्या सगळं करायच्या, खोल्यांच्या चादरी, बाजार, टाक्या. बोलायच्याही. पण आवाज असा, जसा रिकाम्या खोलीतल्या पंख्याचा असतो. रोज सकाळी त्या ओल्या फडक्याने मला पुसायच्या, एकोणतीस बिल्ले उचलून. फक्त एक नंबरच्या बाजूने फडकं वळवून न्यायच्या. तो 'किनाऱ्यावर'च राहिला, त्या चिंचोळ्या 'वर'च्या खाली. आपला बिल्ला आपल्याच हाताने. आता तो हलवणार कोण?

पाहुणे पलीकडच्या रिसॉर्टमध्ये जाऊ लागले. तिथे फलकच होता, "कधीही उतरा, कितीदाही उतरा!" शेवटी गेल्या महिन्यात ताई सुताराला म्हणाल्या, "सोमवारी ये. ही फळी काढ. बंबाला होईल. मी हे सगळं विकतेय." सुताराने माझ्यावरून हात फिरवला. म्हणाला, "रंधा मीच मारला होता हिला, ताई." ताई म्हणाल्या, "मग काढायलाही तूच ये."

रविवारी दोघी जणी आल्या. एक आत्या आणि तिची भाची. भाची असेल पंधरा-सोळाची, दातांना तारा, हातात वही, आणि तोंड असं सुटलेलं की टाकीचा नळ बरा. दोघींनी डायव्हिंग शिकून परीक्षा दिलेली, आणि आता सुट्टीसाठी रिसॉर्ट निवडत होत्या.

"नमस्कार! आम्ही आठ ठिकाणं बघणार होतो, सहा फोनवरच कटाप. आता पलीकडचं आणि तुमचं," भाची एका दमात म्हणाली. "माझे प्रश्न आहेत. तेवीस."

"तेवीस नाही, पंचवीस," आत्या खुर्चीत बसत म्हणाली. "काल रात्री दोन वाढले. ताई, पाणी द्या हो आधी, ही लग्नात नवऱ्यालासुद्धा फॉर्म भरायला लावणार आहे."

"आत्या! गप्प ना!"

ताई म्हणाल्या, "किनाऱ्यावरून उतरणं इथे बंद आहे. तुम्हाला पलीकडेच सोयीचं पडेल."

एखादी उठली असती. ही नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, नाक अगदी माझ्या आकड्यांना टेकेल इतकी जवळ. "हे काय आहे? पाण्यात, किनाऱ्या... वर! किती गोड! म्हणजे तुमच्याकडे कोण कुठे आहे ते कळायचं? पलीकडे मी विचारलं, आम्ही परत आलो नाही तर तुम्हाला किती वेळात कळेल? तो दादा हसला. म्हणे, अगं, असं काही होत नाही इथे. मी वहीत फुली मारली." तिने पेन काढलं. "तुमच्याकडे किती वेळात कळतं?"

नळ थेंब थेंब गळत होता. आचारीकाका स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले, हातात झारा तसाच.

ताई म्हणाल्या, "दोन तास दहा मिनिटं."

"काय?"

"पाऊण तासात कळायला हवं होतं. मला दोन तास दहा मिनिटं लागली." आणि मग त्याच पंख्यासारख्या आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. निळा सूट, फोन, बोट. तीन वर्षांत पहिल्यांदा, आणि कुणाला, तर दातांना तारा असलेल्या एका अनोळखी पोरीला. ताई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त ते बोट दुसऱ्या हातात धरून ठेवलं होतं.

भाचीने वही मिटली. मग आत्याकडे वळून म्हणाली, "आत्या, आपण इथेच राहू या."

"अगं, त्या बंद आहे म्हणतायत."

"आठ ठिकाणी विचारलं मी. खरं उत्तर एकीनेच दिलं."

आत्या ताईंजवळ गेली. हलकेच म्हणाली, "पोरगी आगाऊ आहे, माफ करा. पण मलाही तुमच्याच डोळ्यांसमोर तिला पाण्यात सोडायला आवडेल. ज्याला माहीत आहे ना, काय चुकतं ते, त्याच्याच डोळ्यांसमोर."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी आमच्यापैकी कुणाबरोबर तरी उतरायचं असतं." साखळीकडे वळून म्हणाल्या, "आता आमच्यापैकी मीच आहे."

सोमवारी सुतार करवत घेऊन आला, तेव्हा साखळी सुटलेली होती. आचारीकाका स्टुलावर माझ्यासमोर घड्याळ घेऊन बसले होते. सुताराने तोंड उघडताच म्हणाले, "बोलू नकोस रे, मी मोजतोय!" आत्याने सात नंबर उजवीकडे टांगला. भाचीने आठ. ताईंनी दोन नंबर उचलला, टांगला. मग त्यांचा हात परत डावीकडे आला, एक नंबरपाशी.

भाची पटकन म्हणाली, "आपला बिल्ला आपल्याच हाताने ना?"

"हो," ताई म्हणाल्या. "पण हा इथे त्यांनी नाही टांगलेला. मी टांगलाय."

त्यांनी तो दोन बोटांत धरला आणि उजवीकडे, आपल्या बिल्ल्याशेजारी अडकवला. टिक्. तीन वर्षांत त्या आकड्याखाली पितळेचा हिरवा डाग पडला होता, तो उघडा झाला.

अडतिसाव्या मिनिटाला तिघी वर आल्या. सात हलला. आठ हलला. दोन हलला. आचारीकाका उठले, डोळे पुसले आणि घड्याळाला शिव्या घातल्या. सुताराने करवत पिशवीत घातली आणि एक सैल आकडा पिळून घट्ट केला, जाता जाता.

एक नंबर मात्र उजवीकडेच आहे. रोज पाऊण तास होतो, त्याच्यासाठी घंटा होत नाही. ताई आता फडकं वळवून नेत नाहीत, तोही उचलून पुसतात आणि परत तिथेच ठेवतात. मला आनंद झाला का, दुःख झालं का, ते विचारू नका. मी एवढंच सांगू शकते, की मी आता खोटं बोलत नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी अशा ठिकाणी गेलात, तर खोलीतली गादी किती मऊ आहे ते मागाहून विचारा. आधी भिंतीवर माझ्यासारखी कुणी आहे का ते बघा. आणि ज्याच्यावर तुमचं खूप प्रेम आहे त्याचा बिल्ला उजवीकडे दिसला, तर प्रेमाने हलवू नका. आधी हाक मारा. ओ आली, की त्यालाच म्हणा, ये, आणि तुझ्या हाताने हलव.