केवड्याचं नाक

सेलूच्या कापूसबाजारात चंद्रप्पा आडत्याचं नाक सगळ्यांना ठाऊक होतं. या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या केवडा सोसायचा नाही. दुनियेला जो सुगंध, तो यांना मेलेल्या उंदराचा वास. चंद्रप्पाच्या आज्याची वरात देवगाव फाट्यापर्यंत आली आणि इकडं सेलूत कुणी केवड्याच्या अत्तराची कुपी उघडली, तर नवरदेवाच्या आधी घोडाच माघारी फिरला. घोडाही घरच्याच पैदाशीचा होता. खोटं वाटत असेल तर घोड्याला विचारा.

चंद्रप्पाचा एकुलता लेक रेवणसिद्ध अगदी लहानपणी गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर गर्दीत हरवला. तेव्हापासून त्याची आई, चन्नबसम्मा, दाराला कडी लावू देत नसे.

निजामी अमलाच्या शेवटाशेवटाला एक तरणा गडी आपल्या घराचा माग काढत त्या दारात येऊन उभा राहिला. तोंडभर देवीचे व्रण. ओळखावं तर कशावरून?

"सांभाळणाऱ्यानं मरताना सांगितलं," तो म्हणाला, "घाटावर घावला होतास. गळ्यात लिंगायताचं लिंग होतं."

"गळ्यात लिंग असलेली लेकरं लय हायत," चंद्रप्पा म्हणाला. "नाक मातर आमच्याच घरात हाय."

त्यानं शेजाऱ्याकडून केवड्याची कुपी मागवली. स्वतःच्या नाकाला धोतराचा सोगा लावला आणि पाहुण्याला लावतात तसं त्या पोराच्या पालथ्या हातावर अत्तर लावलं. चन्नबसम्मा उंबऱ्याशी मनातल्या मनात त्याला विनवीत होती, नाक मुरड बाबा, एकदा मुरड.

पोरानं डोळे मिटले. हात नाकाशी नेला, मग बोटानं कानामागं अत्तर टेकवलं आणि तेच बोट पुन्हा हुंगलं.

"लय ग्वाड वास हाय," तो म्हणाला.

चंद्रप्पाच्या हातून सोगा सुटला. "हे आमचं न्हाई."

"आवो..." चन्नबसम्मा पुढं झाली.

"काय म्हनायचंय तुला? बी तसं पीक. जमिनीचा वास कापसाला लागतो का कधी?"

ती भाकरी थापायला आत गेली. तिच्या माहेरी सगळेच केवड्याचे वेडे. तीही लग्नाआधी असंच कानामागं टेकवून बोट हुंगायची. या घरात आल्यापासून केवड्याचं एक वाळलं पान तिनं ज्वारीच्या कणगीत, तळाशी लपवलं होतं. नांदायचं होतं तिला.

पोरगं भाकरी खाऊन, पाया पडून मनमाडकडच्या गाडीत बसलं.

दिवेलागणीला चन्नबसम्मानं कणगीत हात घातला आणि ते पान नवऱ्यापुढं ठेवलं. "माझं नाक घेतलं हो त्यानं," एवढंच बोलली.

चंद्रप्पानं पान उचलून दिव्याशी धरलं. मग अनवाणीच स्टेशनाकडं पळाला. रूळ तेवढे होते.

मनमाडपर्यंत माणसं धाडली. पुढं मुलूखच पेटला, कोण कुठं पांगलं कुणाला पत्ता लागला नाही.

आता त्या दारात केवड्याची कणसं टांगलेली असतात. तो वास वाऱ्यावर मनमाडला पोचतो, गार्ड शिट्टी विसरतो, असं मीच लोकांना सांगत असतो. चंद्रप्पा त्या कणसांखालीच बसतो. उमासे येतात, डोळ्यांतून पाणी गळतं, पण सोगा नाकाला लावत नाही.

"आत या हो," चन्नबसम्मा म्हणते.

"बसू दे," तो म्हणतो. "गाडी यायचीय."

गाडी येते. उतरणारे उतरतात, नाक दाबून किंवा ‘वा!’ म्हणून दारावरून निघून जातात.