गळक्या झारीची कबुली

मी एक जुनी, पत्र्याची झारी आहे. मित्रांनो, फुलझाडांना मी कधीच पाणी घातले नाही. कामा नदीकाठच्या पेर्म शहरात, एका बॅले शाळेत माझे आयुष्य गेले. लाकडी जमिनीवर पाय घसरू नयेत म्हणून तिथे धड्याआधी पाणी शिंपडतात. नुसता शिडकावा झाला तर पाय धरतो, थारोळे साचले तर घसरतो. हे काम पाळीपाळीने मुलींकडे असे.

अग्निया ल्वोव्ना या कडक शिक्षिका म्हणत, की झारी फिरल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचे नाही. ते ऐकून मी फुगून जाई. खरे तर तेव्हाच माझ्या बुडाचा सांधा सुटला होता. मी थेंबथेंब गळत होते.

एके दिवशी वार्या नावाच्या बारा वर्षांच्या मुलीची पाळी होती. तिने बेताने पाणी शिंपडले, मला खाली ठेवून बुटांच्या फिती बांधल्या आणि मग मला भिंतीशी नेले. मला ठेवले होते तिथे थारोळे उरले. उडी मारताना तिचा पाय नेमका त्यावर पडला आणि घोटा मोडला.

"पाणी कुणी शिंपडलं?" बाईंनी विचारले.

"मी."

"मग दोष तुझाच, वार्या."

मी भिंतीशी गळत उभी होते. माझ्याकडे कुणी पाहिलेसुद्धा नाही. डॉक्टरांनी वार्याला नाच कायमचा बंद केला. आपले बूट न्यायला आली तेव्हा तिने बाईंची माफी मागितली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढे मी तिथल्याच कोपऱ्यात अडगळीत पडले. चार वर्षे शिकून त्या पोरीच्या पदरी काय पडले, हाच विचार मला चाळीस वर्षे खात होता.

गेल्या हिवाळ्यात एक ताठ मानेची बाई नातीला, तास्याला, शाळेत घालायला आली. तुम्ही नाचत होता का, असे नव्या शिक्षिकेने तिला विचारले.

"चारच वर्षं. पण जन्माला पुरली," ती म्हणाली. "तीस वर्षं टपालाची पिशवी वाहिली, पाठ वाकली नाही. बर्फावर अख्खं गाव आपटतं, मी सहसा नाही. आणि पडलेच, तर उठून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, ही सवय इथलीच."

ती वार्या होती! इतक्यात तास्याने मला अडगळीतून ओढून पाण्याने भरले. वार्याच्या बुटावर थेंब पडले. तिने मला उलटे केले आणि सांध्यावर अंगठा फिरवला.

"म्हणजे दोष माझा नव्हता," ती हळूच म्हणाली.

"काय गं आजी?"

"काही नाही. इतकी वर्षं वाटायचं, माझ्याच हातून पाणी जास्त पडलं."

मला वाटले, आता ती मला फेकून देणार. पण तिने माझा सुटलेला सांधा डाख लावून बुजवून आणला.

मित्रांनो, वापरायच्या आधी आम्हाला एकदा उलटे करून पाहत जा. आम्हाला बोलता येत नाही, आणि आमचा दोष एखादे लेकरू आपल्या माथी घेऊन म्हातारे होते.

आता तास्या आधी माझ्या बुडावरून हात फिरवते. तो कोरडा निघतो. तरी वार्या दारात दिसली, की तिच्या ताठ मानेकडे पाहायला मला अजून लाज वाटते.